मामा, भैरोबाला खाली घेतलंय

मामा, तुमचा गेम सुरू होत नाही.

पडदा काळा होतो, तुमच्या लाल गाडीचं चित्र येतं, खालची पट्टी अर्धीअधिक भरते आणि सगळं धाडकन बंद पडतं. परत केलं, परत तेच. मामी माझ्या मागं खुर्चीवर बसून आहेत. पट्टी भरायला लागली की त्या जरा पुढं सरकतात, बंद पडली की मागं टेकतात. तुम्ही असता तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं. "आगं मार की बटन, स्वाते! बघत काय बसलीयास त्येच्या तोंडाकडं!"

राग आलाय मला. तुमचं दिवसकार्य होऊन आठवडा झाला नाही आणि मी तुमच्यावर चिडून बसले आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, मामा म्हणजे देवमाणूस. मी मान हलवते. मनात म्हणते, असतील, पण ह्या देवमाणसानं डाउनलोड केलेल्या एकाही फाईलीला धड नाव दिलेलं नाही. 'नवीन'. 'नवीन दोन'. 'नवीन चांगला'. 'हाच तो'. मामा, हाच तो म्हणजे कुठला?

तेराव्याला मामींच्या माहेरचे पाहुणे आले होते. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल बघितलं, त्याला शिकंज्यानं आवळलेलं स्टिअरिंग बघितलं, खालचे पेडल बघितले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पावणं ह्येच्यावर करायचं तरी काय?" मी सांगितलं, बस चालवायचा गेम आहे. मूळ गेम परदेशातला. रस्ते गुळगुळीत, गाड्या पांढऱ्याफेक, स्टँडवर चिटपाखरू नाही. पण जगभरातले हौशी लोक त्यात घालायला आपापली भर तयार करतात, तिला मॉड म्हणतात. कुणी एसटी बनवतं, कुणी उसाच्या ट्रॉल्या, कुणी रस्त्याकडेची रसवंती. असे शेकड्यांनी मॉड गोळा करून मामांनी त्या परदेशी गेमात कोल्हापूर-गारगोटी रस्ता उभा केला होता. पाहुणे विचार करून म्हणाले, "म्हंजे रिटायर हून बी ड्युटीच की!"

तुम्हाला हे ऐकून हसू आलं असतं. मला आलं नाही. कारण तो रस्ता ज्या फाईलींवर उभा आहे त्या सगळ्या आज सकाळपर्यंत ह्या एकाच मशिनमध्ये होत्या, आणि उद्या सकाळी विकासदादा हे मशिन पुण्याला घेऊन जाणार आहे. पोरांच्या क्लाससाठी. "सगळं रिकामं करून घेतो," म्हणाला. चूक नाही त्याची. मशिन त्यानंच पाठवलं होतं. पण मामी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "आधी गारगोटी गाडी सुटू दे. मग ने."

"आई, अगं गेम हाय तो."

"आसंल की. सुटू दे म्हनते न्हवं?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मशिनकडं बघितलं. तेव्हापासून मी इथं बसले आहे.

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाही. टोमणा म्हणून नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तुम्ही सांगायचा, "ही भाची. कॉलेजात हाय." गारगोटीची शाळा संपल्यावर बाबा म्हणाले होते, आता पुरे. तुम्ही अंगणातच उभ्या उभ्या म्हणालात, "पोरीला मी नेतो." दुसऱ्या दिवशी तुमच्याच एसटीतून, तुमच्या मागच्या सीटवर बसून मी कसबा बावड्याला आले. कारखान्याच्या मळीचा वास पहिल्यांदा नाकात गेला आणि मी उलटी केली. तुम्ही आरशातून बघून म्हणालात, "हितं ऱ्हायचं आसंल तर ह्यो वास आवडून घ्यायला लागतोय." आता मला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

पदवीच्या समारंभाला तुम्ही ड्युटीवरून थेट खाकीतच आलात. कुणीतरी तुम्हाला तिथला कर्मचारी समजून खुर्च्या लावायला सांगितलं, आणि तुम्ही लावल्या. मला कळल्यावर मी रडकुंडीला आले. तुम्ही म्हणालात, "लावल्या की! त्यातलीच एक तुझ्या बुडाखाली आली आसंल." त्या दिवसाचा फोटो अजून मशिनच्या पडद्यावर आहे. मी काळ्या डगल्यात, तुम्ही खाकीत. गेम बंद पडला की तोच फोटो समोर येतो. आज सकाळपासून मी तो इतक्या वेळा बघितला आहे की आता बघवत नाही.

पदवी कॉम्प्युटरची. नोकरी एका दूध संस्थेच्या ऑफिसात, माहिती सांभाळायची. रोज संध्याकाळी सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवायची, हे माझं काम. आणि मला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे मला एकदाही करता आलं नाही, कारण तुम्ही प्रत काढायला काढलेली डिस्क सिनेमांनी भरून टाकली.

तुम्ही निवृत्त झालात आणि घरात बसून हातांचं काय करावं हे तुम्हाला कळेना. जेवताना डावा हात ताटाच्या बाजूला गिअर शोधायचा. मामी म्हणायच्या, "त्येंचं अजून गाडीतच हाय सगळं." मग दादानं मशिन पाठवलं, स्टिअरिंग पाठवलं, मी गेम घालून दिला. तुम्ही पहिली फेरी मारून आलात आणि तोंड वाकडं केलंत. "रस्त्याला एक म्हस न्हाई. ह्यो कसला रस्ता?"

तिथून म्हशींचा मॉड. मग लाल गाडी. मग खड्डे. माणसं खड्डे नसलेला रस्ता शोधतात, तुम्ही खड्ड्यांचा मॉड शोधून शोधून घातलात. त्यातून तुमच्यासारख्याच निवृत्त ड्रायव्हरांचा ग्रुप सापडला, इचलकरंजीचे बापू भेटले, आणि रोज नवीन सामान यायला लागलं. तुम्ही मॉडला सामानच म्हणायचा. "आज लई सामान आलंय."

मी नियम घालून दिले होते. सोपे होते, मामा. फाईल कुठून आली ते बघायचं. बनवणाऱ्यानं सोबत जे लिहिलंय ते वाचायचं. गेमच्या कुठल्या आवृत्तीसाठी केलीय ते जुळवायचं. खेळलेल्या फेऱ्यांची आणि मॉडच्या फोल्डरची आधी प्रत काढायची. आणि एका वेळी एकच घालायचा, गाडी चालवून बघायची, मग दुसरा. एवढंच. तुम्ही ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत ग्रुपवर आलेलं सगळं एकदम ओतून मोकळे व्हायचा.

"कुठल्या फाईलीनं बंद पडलं ते आता कसं कळणार?" मी ओरडायची.

"सगळी एकदम चढली की धक्काबुक्की व्हनारच. स्टँडवर बघत न्हाईस?"

"मग एकेक चढवा!"

"एकेक चढवायला ती काय शाळेची सहल हाय?"

एकदा कुणीतरी तुम्हाला 'शिवशाही बस फुकट' म्हणून दुवा पाठवला. मी शंभरदा सांगितलं होतं, बस पाहिजे असेल तर बसची फाईल येते, ती फोल्डरात नेऊन ठेवायची असते. जी फाईल स्वतः म्हणते की मला चालवा, मला परवानगी द्या, ती बस नाही. तुम्ही परवानगी दिलीत. सगळीकडं जुगाराच्या जाहिराती उघडायला लागल्या, मामी देवापुढचा दिवा लावायचा सोडून बघत उभ्या राहिल्या, आणि मला सुट्टीचा अख्खा दिवस मशिन धुऊन काढण्यात घालवावा लागला. तुम्ही शेजारी बसून गंभीरपणे म्हणालात, "गाडी आनाय गेलो आन् चोर घिऊन आलो म्हनायचं." मला हसू आलं होतं. आत्ता आठवून पुन्हा राग येतोय.

आणि ती तुमची पहिली लाल गाडी? हॉर्न आवडला नाही म्हणून तुम्ही ती फोल्डरातून काढूनच टाकलीत. पण त्याच गाडीत बसून तुमची फेरी अर्ध्यात थांबलेली होती. खेळ मध्येच ठेवून त्यातला मॉड उपटायचा नसतो, हे मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गेम ती गाडी शोधत राहिला, त्याला सापडली नाही, फेरी गेली. तुम्ही मलाच फोन करून विचारलंत, "आगं, माजी गाडी कुणी नेली?"

पण आपलं खरं भांडण ह्यातल्या कशावरच नव्हतं. भांडण भैरोबावरून होतं.

गेममध्ये मॉडची एक यादी असते, आणि तिच्यात क्रमाला महत्त्व असतं. दोन मॉडमध्ये एकच वस्तू वेगवेगळी असेल तर वरचा खालच्याला झाकतो. म्हणून मोठे रस्ते खाली ठेवायचे, बारीक सामान वर. तुम्ही ती यादी लग्नपत्रिकेसारखी लावली. सगळ्यात वर भैरोबाचं देऊळ. मग आपल्या डेपोची गाडी. मग बापूंनी रंगवलेली गाडी, कारण बापू वयानं मोठे. मग बाकीचे, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं.

"बापूंची खाली घेते," मी म्हणाले.

"नगं. त्येला काय वाटंल?"

"मामा, बापूंना कळणारसुद्धा नाही."

"मला कळतंय की!"



बापूंचं मी सोडून दिलं. देवळाचं सोडता येत नव्हतं. गडहिंग्लजकडच्या कुणा हौशी माणसाला तुम्ही आपल्या गावच्या जुन्या देवळाचे फोटो पाठवले होते. जीर्णोद्धाराच्या आधीचे, काळ्या दगडाची दीपमाळ असलेले. आता गावात फरशी आहे आणि स्टीलचं गेट आहे. त्या माणसानं तुमच्यासाठी म्हणून ते देऊळ बनवलं, फाट्यावर जिथं असायला हवं तिथं उभं केलं, आणि नंतर त्यानं हा नादच सोडला. त्याचं पान बंद झालं. ती फाईल आता नेटवर कुठं नाही. कालपर्यंत फक्त इथं होती. उद्या दादानं मशिन रिकामं केलं की इथंही नसणार.

पण त्या फाईलीत देवळाबरोबर भोवतीच्या जुन्या रस्त्याचा तुकडाही होता. देऊळ यादीत वर असलं की तो जुना तुकडा नव्या रस्त्याला झाकायचा. देवळाच्या पुढं रस्ता तुटायचा, गाडी शेतात उतरायची, आपटत धोपटत पुन्हा डांबरावर यायची. मी आले की देऊळ खाली घ्यायची. पुढच्या वेळी आले की ते परत वर असायचं. आपण त्यावर बोलायचंही सोडून दिलं होतं. मी गुपचूप खाली, तुम्ही गुपचूप वर. शेवटी मीच फोनवर तोंड उघडलं. म्हणाले, "मामा, ही प्रायॉरिटीची यादी आहे. मानाची नाही."

"देव खाली ठिवून गाडी सुटत नसती, स्वाते."

"सुटते! नुसती सुटत नाही, रस्त्यावरून जाते!"

"देवाच्या दारात वाईच धक्का बसायचाच. तू ये, एक फेरी मार, मग बोल."

फोन ठेवला. भांडण झालं असंही नाही. दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन, मामीनं धपाटी केल्यात, ये. मी आले, धपाटी खाल्ली, देवळाचा विषय कुणीच काढला नाही. तो आपण नंतरसाठी ठेवला होता. मग नंतर काही राहिलंच नाही.

एक फेरी मार. हे तुम्ही दर वेळी म्हणायचा. खुर्ची पुसून द्यायचा. आणि मी काय करायची? गेम सुरू करायची, पट्टी भरली, रस्ता दिसला, इंजिनाचा आवाज आला, झालं, बंद. "चाललं," म्हणायची. तुम्ही म्हणायचा, "चाललं न्हाई, चालू झालं. चालवल्याबिगार कसं कळंल चाललं का न्हाई?" मला घाई असायची. इतकी वर्षं मी तुमच्या रस्त्याची डागडुजी केली आणि त्या रस्त्यावरून एकदाही गेले नाही.

आज सकाळी आल्यावर पहिल्यांदा सगळ्याची प्रत काढली. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. तुमच्या सिनेमांना त्यासाठी जावं लागलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. मग बघितलं तर गेमनं स्वतःहून नवी आवृत्ती उतरवून घेतलेली. तुमच्या माघारी मशिन कुणीतरी चालू ठेवलं असणार. पण आपोआप बदल होऊ नये अशी सोय मी करून ठेवली होती, मामा. ती तुम्ही काढून टाकली होती. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "म्हनत हुते, फुकट देत्यात तर घ्यावं की." मी कपाळ धरून बसले. नशीब, जुन्या आवृत्तीवर परत जायची वाट गेममध्ये ठेवलेली असते. परत गेले. पट्टी जरा पुढं गेली. तरीही बंद पडलं.

म्हणजे शेवटच्या दिवसांत तुम्ही काहीतरी नवीन घातलं होतं. काय घातलं, ते तुमच्या फाईलींच्या नावांवरून भैरोबालाही कळलं नसतं. मग एकच उपाय राहतो. तुमच्या फेऱ्यांना हात न लावता वेगळं कोरं खातं उघडायचं, त्यात अर्धे मॉड चालू, अर्धे बंद. गेम उघडला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. परत अर्धे. तांदूळ निवडल्यासारखं. दुपार उलटली. मामींनी मला न विचारता ताट आणून मांडीवर ठेवलं. दादा दारातून डोकावून म्हणाला, "स्वाती, ऱ्हाऊ दे आता." मामींनी मागं न बघताच हात हलवून त्याला घालवलं.

शेवटी दोन फाईली उरल्या. एक 'हाच तो'. उघडून बघितलं तर गारगोटी रस्त्याची नवी सुधारलेली आवृत्ती होती. दुसरं देऊळ. एकटा रस्ता चालत होता. एकटं देऊळ चालत होतं. देऊळ वर आणि रस्ता खाली असे दोन्ही घातले की गेम पडत होता. आधी नुसता धक्का बसायचा, आता गाडी सुटतच नव्हती.

"मामी, ह्या नव्या रस्त्यात काय होतं?"

"आपल्या फाट्याला थांबा आलाय म्हनत हुते. पत्र्याचा. लई खूश हुते. देऊळ आन् थांबा दोनी दिसाय पायजे म्हनत हुते, पन ते जमंना."

जमंना. मला फोन केला असता तर जमलं असतं. देऊळ खाली घ्या म्हणून मी सांगितलं असतं, आणि म्हणूनच तुम्ही केला नाहीत. आता ते खाली घ्यायला माझा हात होईना. तुम्ही पुन्हा वर घ्यायला येणार नाही, हे ठाऊक असताना खाली घ्यायचं म्हणजे काय? असं जिंकायचं होतं का मला? मी रस्ताच काढून टाकावा असंही मनात आलं. देऊळ राहील वर, तुमच्या मनासारखं, आणि थांबा जाईल.

मामींनी विचारलं, "काय झालं? का थांबलीस?"

मी त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांना प्रायॉरिटी वगैरे सांगून काय उपयोग, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. "मामी, गेम ही यादी खालून वर मांडत येतो. सगळ्यात खाली जे आहे ते आधी ठेवतो. मग त्याच्यावर दुसरं. मग त्याच्यावर तिसरं. म्हणून वरचं खालच्याला झाकतं. जे सगळ्यात खाली, ते सगळ्यात पहिल्यांदा..."

आणि माझं वाक्य तिथंच अडलं.

सगळ्यात खाली जे असतं त्याला गेम सगळ्यात आधी हाक मारतो, मामा. बाकीचा रस्ता, गाड्या, म्हशी, बापू, सगळे त्याच्यानंतर. तुम्ही भैरोबाला वर नेऊन सगळ्यांच्या मागं उभं करत होता. मान खालच्या जागेचा होता. मी इतकी वर्षं तुम्हाला देव खाली घ्या, खाली घ्या म्हणून सांगत राहिले, कधी एकदा म्हणाले नाही की देव आधी घ्या. एवढ्यावर तुम्ही ऐकलं असतं. स्वतःच्या हातानं घेतलं असतं, आणि ग्रुपवर सगळ्यांना शहाणपण शिकवलं असतं.

मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्येंना का न्हाई सांगितलंस?"

"आत्ता सुचलं, मामी."

"आत्ता सुचून काय उपेग?"

त्या बरोबर बोलल्या. मी कोरं खातं बंद केलं, तुमचं उघडलं आणि त्यातल्या यादीत देऊळ खाली ओढलं. पार तळाला.

पट्टी भरली. पूर्ण भरली. गाडी गारगोटी स्टँडवर उभी होती, तुम्ही शेवटची उभी केली होती तशी. समोर काचेत खालच्या कोपऱ्यात हार, तोही तुम्ही कुठूनतरी शोधून घातलेला. इंजिनाची घरघर सुरू झाली आणि मामी पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या. माझा हात सवयीनं बंद करायच्या बटणाकडं गेला.

"बंद कशाला करतीस? सुटू दे की!"

मी स्टिअरिंग धरलं. मला गाडी येत नाही, मामा, खरी नाही आणि खोटीही नाही. पहिल्या झटक्यात बंद पडली. दुसऱ्या झटक्यात पण. मागून मामी म्हणाल्या, "क्लच हळू सोड. दुसरा टाक आता. आगं, दुसरा!" त्यांना कुणी शिकवलं? तुम्ही चालवताना त्या मागं बसून भाजी निवडायच्या, एवढंच मला माहीत होतं. एका म्हशीला मी धडकणार होते, तीच बाजूला झाली. एका ट्रॉलीमागं मी इतका वेळ रांगत राहिले की मामींनीच म्हटलं, "ते एव्हाना शिव्या घालाय लागले असते."

मग वळण आलं आणि दीपमाळ दिसली. काळा दगड, उतरती सावली, आणि पुढं पत्र्याचा थांबा. दोन्ही. रस्ता तुटला नाही. देवळाच्या दारातून सरळ पुढं गेला.

"हॉर्न दे," मामी म्हणाल्या. "हितं ते देतच हुते."

मी दिला. तुम्ही शोधून शोधून बसवलेला तो हॉर्न, गाणं म्हटल्यासारखा लांबणारा, घरातून बाहेर गेला, बोळात गेला. बाहेर दादा कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्याचं बोलणं थांबलं. तो धावत आत आला, दारात उभा राहिला, खुर्चीवर मी आहे हे बघितलं. चपलेसकट आत आला होता, ते कळल्यावर परत जाऊन चप्पल काढून आला आणि मामींच्या शेजारी जमिनीवर बसला. मी आणखी एकदा हॉर्न दिला.

मशिन उद्या जाणार आहे. ठरल्याप्रमाणं. दादा म्हणाला, राहू दे इथंच. मामी नको म्हणाल्या. "पोरांच्या शिक्षनाला पायजे, ने. स्टेरिंगचं चाक मातर न्हाई जायचं." एक डिस्क त्यांनी लुगड्यांच्या कपाटात ठेवली आहे, एक माझ्या पिशवीत आहे. दोन प्रती, दोन घरांत. तुमच्या हयातीत जे होऊ दिलं नाहीत ते करून घेतलं. फाईलींना नावंही दिली. 'हाच तो' तेवढं तसंच ठेवलं.

फेरी संपवताना गेमनं विचारलं, आधीच्या जागेवर नोंद करू का? केली असती तर गारगोटी स्टँडवरची तुमची गाडी पुसली गेली असती. मी माझी वेगळी नोंद केली. तुमची गाडी आहे तिथंच उभी आहे.

भैरोबा तळाला आहे. त्याच्यावर रस्ता, रस्त्यावर थांबा, वर गाड्या. बापूंची तुमच्या शेजारीच ठेवली आहे, त्यांना काही वाटायला नको. गाडी सुटते, मामा, रस्त्यावरून जाते, देवाच्या दारात धक्का बसत नाही. चालू करून नाही सांगत. चालवून सांगते.

आता बोला की.